विंडोजचे अपडेट दर महिन्याला अडते किंवा ड्रायव्हर बिघडवून जाते: घरच्या संगणकाची क्रमवार तपासणी

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण असे की अपडेट उतरते, संगणक रीस्टार्ट होतो, पडद्यावर टक्केवारी चढत जाते आणि एका ठरावीक आकड्याला पोहोचल्यावर केलेले बदल मागे घेतले जात असल्याचा संदेश येऊन सगळे पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी तेच अपडेट पुन्हा रांगेत उभे असते. काही संगणकांवर अपडेट उतरतच नाही, शून्यावर किंवा शंभर टक्क्यांवर तासन् तास थबकून राहते. काहींवर ते व्यवस्थित बसते, पण त्यानंतर आवाज जातो, वाय-फायचे चिन्ह नाहीसे होते, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नाही, किंवा पडद्यावरची अक्षरे एकदम मोठी आणि अस्पष्ट दिसू लागतात. शेवटचे आणि सर्वांत घाबरवणारे लक्षण म्हणजे निळी किंवा काळी स्क्रीन येऊन डेस्कटॉपपर्यंत पोहोचताच न येणे.

नात्यातले आणि शेजारपाजारचे संगणक दुरुस्त करताना हे सगळे प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, आणि त्यावरून माझे मत असे बनले आहे की दोष बहुतेक वेळा अपडेटमध्ये नसतो. महिन्याचे एकत्रित अपडेट असंख्य प्रणाली-फाइली एका बैठकीत बदलते, प्रत्येकीची डिजिटल स्वाक्षरी तपासते आणि परत फिरता यावे म्हणून जुन्या फाइलीही राखून ठेवते. घरच्या संगणकावर एरवी होणारे कोणतेही काम डिस्क, मोकळी जागा, घड्याळ आणि वीज या सर्वांची एकाच वेळी इतकी परीक्षा घेत नाही, म्हणून यंत्रातला आधीपासूनचा अशक्तपणा नेमका इथे उघडा पडतो. पुढचा क्रम याच विचाराने लावला आहे: आधी यंत्र, मग ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि सर्वांत शेवटी खुद्द विंडोज. मेनूंची नावे विंडोज ११ मधली आहेत. विंडोज १० वर ती थोडी वेगळी असली तरी तपासण्या त्याच आहेत.

आधी सांकेतिक क्रमांक टिपून घ्यावा

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट आणि त्यात अपडेट हिस्टरी उघडावी. फसलेल्या अपडेटच्या नावात केबीपासून सुरू होणारा क्रमांक असतो आणि जवळच शून्य-एक्सने सुरू होणारा एक त्रुटी-क्रमांक असतो. पडद्यावर ही अक्षरे इंग्रजीत दिसतील. फोनने त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण पुढची एक तपासणी ही यादी पुसून टाकते आणि तंत्रज्ञाकडे जायची वेळ आली तर तो पहिल्यांदा हेच विचारेल.

काही क्रमांक तर थेट उत्तरच देतात. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा संपली. ०एक्स८००७२एफ८एफ दिसल्यास घड्याळ पाहावे. ०एक्स८००७३७१२ म्हणजे विंडोजच्या मूळ फाइलींचा साठा बिघडला आहे, आणि मोठी वार्षिक आवृत्ती बसवताना ०एक्ससी१९००१०१ आला, तर जवळपास नेहमीच एखादा ड्रायव्हर आडवा आलेला असतो. आपला क्रमांक यांत असेल तर संबंधित भागापासून सुरुवात करायला हरकत नाही.

खरा रीस्टार्ट

शट डाउन आणि रीस्टार्ट यांचा परिणाम एकच होतो, असा समज जवळपास प्रत्येक घरात आढळतो. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि ती बहुतेक संगणकांवर आपोआप चालू असते. तिच्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोज आपला गाभा आणि त्यातले चालू ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवून ठेवते आणि सकाळी तेच पुन्हा स्मृतीत उचलते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे मुळापासून सुरू होते, आणि अर्धवट राहिलेले अपडेट पूर्ण व्हायला हीच पायरी लागते.

खात्री करायची असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडावा आणि आलेखाखाली 'अप टाइम' पाहावा. दिवस, तास, मिनिटे आणि सेकंद अशा क्रमाने तो लिहिलेला असतो. रोज रात्री न चुकता संगणक बंद करणाऱ्या माणसाच्या यंत्रावरही तिथे ४१:०६:१२:५५ असा आकडा दिसू शकतो, म्हणजे विंडोजच्या हिशेबी ते यंत्र एकेचाळीस दिवस अखंड चालू आहे. असे असेल तर रीस्टार्ट निवडावे, पुन्हा एकदा निवडावे, आणि मगच अपडेट करून पाहावे. गेलेला आवाज किंवा अडकलेला प्रिंटरसुद्धा पुष्कळदा एवढ्यावर परत येतो.

घड्याळ आणि ती छोटी बॅटरी

अपडेट उतरवताना संगणक आणि सर्व्हर एकमेकांची ओळख प्रमाणपत्राने पटवतात आणि प्रत्येक प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या घड्याळात २०१७ साल असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेले नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. सेटिंग्जमधल्या तारीख-वेळेच्या पानावर कालक्षेत्र चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असे आहे ना ते पाहावे आणि 'सिंक नाऊ' दाबावे. घड्याळ पंधरा तासांहून अधिक चुकले असेल तर विंडोज ते सहसा आपणहून सुधारत नाही; अशा वेळी तारीख हाताने घालावी.

जुन्या असेंबल्ड डेस्कटॉपचे मेन स्विचवरून बटण बंद केल्यावर तारीख दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे असे समजावे. ती साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळते आणि खर्च किरकोळ असतो. केबल काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, बॅटरीच्या कडेची बारीक पत्री नखाने बाजूला सारली की ती वर उडते. नवी बसवताना लिहिलेली बाजू वर ठेवावी. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मांडणीच्या पडद्यावर, तारीख घालावी लागते. लॅपटॉपमध्ये ही बॅटरी शोधायला आतून उघडावे लागते, म्हणून तिथे हात घालू नये.

इंटरनेट

फोनच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांनी वाय-फायच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' चालू आहे का ते पाहावे. ते चालू असेल तर डेटा वाचवण्यासाठी विंडोज बरीचशी अपडेट उतरवतच नाही आणि तसे फारसे ठळकपणे सांगतही नाही. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर महिन्याचे अपडेट अर्ध्यातच अडकू शकते. त्यासाठी ब्रॉडबँड असलेल्या घरी एक संध्याकाळ यंत्र नेणे सोपे. वेग नीट असूनही अपडेट उतरत नसेल, तर व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारा प्रोग्रॅम) बंद करून पाहावे.

मोकळी जागा

महिन्याच्या अपडेटसाठी सी ड्राइव्हवर किमान दहा जीबी आणि वार्षिक मोठ्या आवृत्तीसाठी किमान वीस जीबी मोकळे असावेत, असा माझा ठोकताळा आहे. डी ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज आणि टेम्पररी फाइल्स या वाटेने गेल्यास काय काय काढता येईल त्याची यादी येते. या यादीत 'डाउनलोड्स' असाही एक चौकोन असतो, आणि सरसकट सगळ्यांवर खुणा करत जाणारा माणूस तिथे उतरवून ठेवलेल्या गुणपत्रिका, आधारची पीडीएफ आणि विम्याची कागदपत्रे घालवून बसतो. तो चौकोन मोकळाच ठेवावा. विंडोजची जुनी आवृत्ती काढण्याचा पर्याय दिसत असेल तर त्याने पुष्कळ जागा सुटते, पण मग नव्या आवृत्तीवरून मागे फिरता येत नाही. तशीही ही सोय साधारण दहा दिवसांपुरतीच असते. व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप ॲपने साठवलेले व्हिडिओ हे आजकाल जागा खाणारे आणखी एक ठिकाण आहे.

वीज, वाट पाहणे आणि सुटी उपकरणे

मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे घरच्या संगणकावर ती बुधवारी किंवा गुरुवारी पोहोचतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी देखभालीसाठी वीज जाते तीही गुरुवारीच. अपडेट बसत असताना वीज गेली तर बदललेल्या आणि न बदललेल्या फाइलींची सरमिसळ होते. विंडोज ती बहुधा सावरते, पण दर वेळी सावरेलच असे नाही. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टिम नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' वारंवार दिसत असेल, तर यंत्र मधूनच बंद पडत आहे हे नक्की. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'इको' अशी कळ असते. ती इकोवर असेल तर वीज बदलताना पंखा आणि दिवे चालू राहतात, पण डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. लॅपटॉपला चार्जर लावूनच अपडेट सुरू करावे.

टक्केवारी एका जागी थांबली म्हणून पॉवरचे बटण दाबून धरणे हे अपडेट बिघडण्याचे मोठे कारण आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर दोन तास लागणे अस्वाभाविक नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर वाट पाहावी. तो बराच वेळ एकदाही हलला नाही तरच बळजबरीने बंद करण्याचा विचार करावा. पुढच्या वेळी अपडेट सुरू करण्याआधी कीबोर्ड आणि माऊस सोडून बाकीचे सर्व यूएसबी साहित्य काढून ठेवावे, विशेषतः पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन.

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन गोष्टी

इथपर्यंतच्या तपासण्यांनी काही बिघडण्याची शक्यता जवळपास नव्हती. यापुढे आहे, म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली म्हणजे डिस्कची प्रकृती. बहुतेक मार्गदर्शकांत ही तपासणी शेवटी येते. मी ती मुद्दाम आधी आणली आहे, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर विंडोज दुरुस्त करत बसणे म्हणजे तिला उरलेल्या दिवसांत जास्तीत जास्त राबवणे होय. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे मोफत साधन डिस्कने स्वतःच नोंदवलेली माहिती दाखवते. निळा रंग ठीक, पिवळा सावधान, लाल म्हणजे संपली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्कवर खराब भाग सापडला आहे. पिवळ्या रंगाकडे यंत्र चालू आहे म्हणून दुर्लक्ष केले जाते, आणि मला यात तडजोड मान्य नाही: पिवळा दिसला की पुढची एकही पायरी करू नये, आधी फाइली बाहेर काढाव्यात आणि डिस्क बदलावी. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घातल्यावर अपडेटची तक्रार तर जातेच, पण संगणक नवा घेतल्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रिकव्हरी की. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसले, तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात फोनवरून जाऊन ४८ अंकी की शोधावी आणि कागदावर लिहून ठेवावी. फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला मूळ प्रोग्रॅम, जसे बायोस) बदलल्यावर किंवा सुरक्षित बूटची मांडणी हलल्यावर विंडोज ही की मागते, आणि ते खाते दुकानदाराने स्वतःच्या किंवा कुठल्या तरी तात्पुरत्या ईमेलवर उघडलेले असेल तर त्या क्षणी मोठी पंचाईत होते.

ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा यंत्रभाग यांच्यातला दुभाषी. त्यांतले कित्येक विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतात, म्हणून एखादा वेब ब्राउझर कोसळला तर फक्त ब्राउझर बंद होतो, पण असा ड्रायव्हर कोसळला की सगळा संगणकच खाली बसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष फाइल जगभर गेली तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या स्क्रीनवर अडकली होती, ती याच कारणाने.

विंडोज आणि एक्स या कळा एकत्र दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. ज्या भागावर पिवळा त्रिकोण असेल त्यावर दोनदा क्लिक केल्यावर एक कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, आणि हे सर्वांत सोपे. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण भाग सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे त्या भागाने स्वतःच बिघाड कळवला आहे. इथे ड्रायव्हर बदलून उपयोग होईल किंवा होणारही नाही, कारण यूएसबीची केबल किंवा खुद्द ग्राफिक्स कार्डही दोषी असू शकते. डिस्प्लेच्या खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' असे नाव आले असेल, तर अक्षरे मोठी दिसण्याचे कारण तिथेच सापडले: ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर निघून गेला आहे.

अपडेटनंतर लगेच एखादा भाग बिघडला असेल तर सर्वांत स्वस्त उपाय त्याच खिडकीत आहे. ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबावे आणि रीस्टार्ट करावे. ते बटण फिकट दिसत असेल तर विंडोजकडे मागची प्रत नाही, आणि मग योग्य ड्रायव्हर बाहेरून आणावा लागतो. लॅपटॉप असेल तर तो लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, खालच्या स्टिकरवरचे मॉडेल किंवा अनुक्रमांक घालून घ्यावा. असेंबल्ड डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून. चिप बनवणाऱ्या कंपनीचा सर्वसाधारण ड्रायव्हर अधिक नवा असतो हे खरे, पण लॅपटॉपच्या कंपनीने आवाजाचे, टचपॅडचे आणि बॅटरीचे काही खास बदल आपल्या ड्रायव्हरमध्ये केलेले असतात आणि नव्याच्या मोहात ते जातात. ग्राफिक्स कार्डापुरता मी याला अपवाद करतो.

'अननोन डिव्हाइस' असे नाव असलेला भाग ओळखायचा असेल तर त्याच्या डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी पाहावा. त्यात व्हीईएननंतरची चार चिन्हे कंपनी सांगतात आणि डीईव्हीनंतरची चार चिन्हे नेमका भाग. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ मध्ये आलेल्या आपल्या गाजलेल्या चिपचाच आकडा कंपनीने ओळखीसाठी घेतला आहे. १०डीई म्हणजे एनव्हिडिया आणि १०ईसी म्हणजे रिअलटेक. पुष्कळदा एवढ्यावरूनच कोणता ड्रायव्हर आणायचा ते कळते.

वाय-फायच गेले असेल तर ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट कुठून आणायचे, हा प्रश्न लोकांना दुकानापर्यंत घेऊन जातो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडावा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, त्यामुळे इंटरनेट जवळपास लगेच मिळते. फोन वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

तोच ड्रायव्हर दर महिन्याला पुन्हा बिघडत असेल, तर विंडोज अपडेट आपल्या साठ्यातला ड्रायव्हर चांगल्या चालणाऱ्या ड्रायव्हरवर पुन्हा पुन्हा बसवत आहे असा संशय घ्यावा. अशा वेळी अपडेट आठवडाभर 'पॉज' करावीत, डिव्हाइस मॅनेजरमधून तो ड्रायव्हर काढताना ड्रायव्हरही पुसण्याच्या चौकोनावर खूण करावी, कंपनीचा ड्रायव्हर बसवावा आणि 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून तिथे 'नो' निवडावे. या सेटिंगनंतर नव्या उपकरणांचे ड्रायव्हर आपल्यालाच पाहावे लागतात, हे घरातल्या बाकीच्यांना सांगून ठेवावे. उलट दिशेची एक सवयही सोडावी: अपडेटच्या प्रगत पर्यायांत 'ऑप्शनल अपडेट्स'खाली दिसणारे सगळे ड्रायव्हर उत्साहाने बसवू नयेत. जो भाग नीट चालतो आहे त्याचा ड्रायव्हर बदलायला कारण लागते.

इंटरनेटवर फुकट मिळणारे 'ड्रायव्हर अपडेटर' वापरू नयेत. चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसवणे, न मागितलेले प्रोग्रॅम सोबत आणणे आणि शेवटी पैसे मागणे, एवढेच त्यांनी केलेले मी पाहिले आहे.

टचपॅडच्या बाबतीत ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बाजूने पाहावा. टचपॅड मधोमध उचलल्यासारखा दिसत असेल, क्लिक घट्ट झाले असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. हा ड्रायव्हरचा प्रश्न नाही. चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि तसेच अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्यावे.

बाहेरचे अँटिव्हायरस आणि क्रॅक केलेले विंडोज

बाहेरचे अँटिव्हायरस गाभ्याजवळच काम करत असल्यामुळे मोठ्या आवृत्तीच्या आड येते. ते नुसते थांबवून भागत नाही, तात्पुरते काढूनच टाकावे. विंडोजचे स्वतःचे संरक्षण आपोआप चालू होते. दुकानात 'विंडोज टाकून' मिळालेल्या संगणकांवर मात्र वेगळी अडचण असते. क्रॅक करणारे, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालवणारे, प्रोग्रॅम टिकून राहण्यासाठी कधी कधी अपडेटची सेवाच बंद करतात. सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज अपडेट'समोर 'डिसेबल्ड' दिसत असेल, तर तो प्रकार असू शकतो. सेवा चालू करूनही ती पुन्हा बंद होत असेल तर त्या यंत्रावर पुढची मेहनत घेऊ नये. परवाना घेऊन स्वच्छ विंडोज बसवणे हाच उपाय आहे.

अपडेटचा साठा रिकामा करणे

अर्धवट उतरलेली फाइल खराब असेल तर विंडोज तीच पुन्हा पुन्हा वापरायला पाहते. सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन्ही थांबवाव्यात, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' या फोल्डरचे नाव बदलावे आणि रीस्टार्ट करावे. फोल्डर विंडोज नव्याने तयार करते. अपडेटची यादी आता रिकामी दिसेल, पण बसलेली अपडेट गेलेली नसतात.

मूळ फाइलींची दुरुस्ती

'टर्मिनल' ॲडमिन म्हणून उघडून दोन आज्ञा द्यायच्या असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी ही आज्ञा बिघडलेली फाइल बदलताना चांगली प्रत विंडोजच्या स्वतःच्या साठ्यातून आणते. तो साठाच खराब असेल तर ती काय आणणार? म्हणून आधी डीआयएसएम चालवावी, जी साठा इंटरनेटवरून दुरुस्त करते. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकावी: डीआयएसएम, मग तिरपी रेघ (/) आणि ऑनलाइन, तिरपी रेघ आणि क्लीनअप-इमेज, तिरपी रेघ आणि रीस्टोअरहेल्थ. प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक जागा सोडावी, नंतर सोडू नये. ही आज्ञा ६२.३ टक्क्यांवर पुष्कळ वेळ थांबलेली दिसते. ती मेलेली नसते, खिडकी बंद करू नये. ती संपली की एसएफसी, एक जागा, तिरपी रेघ आणि स्कॅननाऊ. काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे उत्तर आले तर रीस्टार्ट करून एसएफसी आणखी एकदा चालवावी.

विंडोजवर विंडोज

यानंतरही अडत असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी आणि तिथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' हा पर्याय आहे. तो आहे तीच आवृत्ती पुन्हा बसवतो. फाइली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज राहतात. वेळ आणि डेटा बराच लागतो. दुकानात 'फॉरमॅट मारावा लागेल' असे ऐकू येणाऱ्या बहुतेक प्रसंगी हे आधी करून पाहायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय त्याच पानावर असतो आणि तो प्रोग्रॅम उडवतो, तेव्हा दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

डेस्कटॉपच येत नसेल तर शिफ्ट दाबून धरून लॉगिनच्या पानावरून रीस्टार्ट निवडावे, किंवा विंडोज सुरू होताना सलग दोन-तीनदा यंत्र बंद केल्यावर दुरुस्तीचा निळा मेनू आपोआप येतो. त्यात 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आणि सेफ मोड (फक्त अत्यावश्यक ड्रायव्हरवर चालणारे विंडोज) मिळतात. सेफ मोडमध्ये यंत्र नीट चालत असेल तर दोष बाहेरच्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा आहे, असे मानायला हरकत नाही.

कुठे थांबावे

काही वेळा दोष खरोखरच अपडेटचा असतो, आणि मग आपण काही करू नये हेच बरे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेले केबी ५०३४४४१ हे अपडेट ०एक्स८००७०६४३ दाखवून फसत होते, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कवरच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या भागात) २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती असंख्य यंत्रांवर नव्हती. ते पार्टिशन हाताने वाढवण्याच्या सूचना मायक्रोसॉफ्टने दिल्या होत्या. पार्टिशनचा सराव नसलेल्या माणसाने तसे करण्यापेक्षा अपडेट फसू देणे कमी धोक्याचे होते. एकच अपडेट फसते आणि बाकी सर्व बसतात, असे असेल तर पुढच्या महिन्याची वाट पाहावी.

विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केलेल्या घरगुती यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत जाहीर झाली. जुन्या प्रोसेसरवर आडमार्गाने विंडोज ११ बसवता येते, पण मायक्रोसॉफ्टचा त्याला पाठिंबा नसतो आणि पुढची आवृत्ती कुठे अडेल ते सांगता येत नाही. दुसऱ्यांचे यंत्र असेल तर मी ते करत नाही.

पुढील प्रसंगी मात्र स्वतः काहीही न करता तंत्रज्ञाकडे जावे. डिस्क टकटक आवाज करते किंवा पिवळी-लाल दिसते आणि फाइलींची प्रत नाही, तर यंत्र ताबडतोब बंद करावे. डिस्क तपासणारी चेकडिस्कसारखी आज्ञा अशा डिस्कला संपवू शकते आणि माहिती परत मिळवणाऱ्याचे काम अवघड होते. रिकव्हरी की मागितली जाते आणि ती सापडत नाही, तर रीसेट दाबू नये, घरातल्या प्रत्येकाची मायक्रोसॉफ्ट खाती आधी तपासावीत. कीशिवाय ती डिस्क मायक्रोसॉफ्टही उघडून देऊ शकत नाही. बायोसचे अपडेट मधेच तुटले आणि पडदा काळाच राहिला, तर चिप प्रोग्रॅम करणारा माणूस लागतो. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक'ने त्रुटी दाखवल्या तर रॅम बदलून पाहावी लागते, आणि दुकानात जुळणारी रॅम लावून पाहणे घरापेक्षा सोपे असते. यंत्र वॉरंटीत असेल तर मागचा एकही स्क्रू फिरवू नये.

दुकानात जाताना त्रुटी-क्रमांकाचा फोटो आणि आपण काय काय करून पाहिले त्याची चिठ्ठी द्यावी. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड देऊ नये. तपासणीसाठी वेगळे स्थानिक खाते तयार करून देता येते. फॉरमॅट करण्याआधी फोन करावा असे पावतीवर लिहून घ्यावे. डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागून घ्यावी, कारण बिघडलेल्या डिस्कवरही आपली बरीच माहिती वाचता येण्याजोगी शिल्लक असते.